दर जूनला तोच डाग: फ्लॅटमधली ओल शोधायची कशी आणि थांबवायची कशी

मे महिन्यात भिंत ठणठणीत कोरडी असते. जून अर्धा सरला की कोपऱ्यात काळपट छटा उमटते, जुलैत रंगाला फुगे येतात, गणपतीत पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पोपडे सुटतात आणि नवरात्र उलटलं की पेंटर येतो. तो खरवडतो, पुट्टी भरतो, ‘डॅम्पप्रूफ’चे दोन हात मारतो. दिवाळी झकास जाते. पुढच्या जूनला डाग पुन्हा हजर. कधी त्याच जागी, कधी थोडा वर सरकलेला, कधी शेजारच्या भिंतीवर.

सोसायटीच्या कमिटीत दुरुस्तीचं काम माझ्याकडे असल्यामुळे पावसाळाभर ‘जरा वर येऊन बघता का?’ असे फोन येत असतात. बघायला गेलं की बहुतेक घरांत पैसे आधीच खर्च झालेले असतात, पण ते जिथे पाणी दिसतं तिथे. पाणी शिरतं कुठून, हे कुणी पाहिलेलं नसतं. आतून लावलेला रंग कितीही महागाचा असो, भिंतीच्या मागून येणाऱ्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात आणि तिथे पाणी सुकलं की त्यांचे बारीक खडे होतात. खडे वाढले की रंग उचलला जातो. पोपडा काढल्यावर आत मिठासारखी पांढरी भुकटी दिसते ती हीच. भिंतीला लोणा लागला, म्हणतात तो हा. आणि रंगाचा थर जितका घट्ट, तितकं पाणी बाजूला सरकतं. डाग शेजारच्या भिंतीवर जातो तो असा.

तेव्हा आधी शोध, मग दुरुस्ती, आणि रंग अगदी शेवटी.

आधी वेळ बघा

मिस्त्रीला बोलावण्याआधी दोन आठवडे एक बिनखर्चाचं काम करा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि तिच्याजवळ तारीख टाका. डाग वाढला की नवी रेघ, नवी तारीख. सोबत मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: आज पाऊस होता का, वारा कुठून होता, वरचे लोक घरी होते का, ओल सकाळी वाढली की रात्री. नंतर जो कुणी इंजिनियर किंवा कंत्राटदार येईल, त्याच्यासाठी याहून उपयोगाची माहिती दुसरी नाही. तो भिंतीसमोर दहा मिनिटं उभा राहणार, तुम्ही तिच्यासोबत राहता.

पाऊस कोसळला आणि तासा-दोन तासांत डाग गडद झाला, दोन दिवस उघडीप मिळाली की फिकट झाला, तर पाण्याची वाट छोटी आहे. बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची चौकट, छज्जा यांच्यापैकी कुणीतरी. मुंबईत पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त मार खातात. पूर्वेकडच्या, डक्टला (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेला) लागून असलेल्या भिंतीला ओल धरली असेल, तर पावसाच्या आधी मी पाइपांवर संशय घेईन.

पाऊस सुरू होऊन आठवडा-दहा दिवस काहीच नाही, मग हळूहळू ओल, आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं तरी छत सुकायचं नाव घेत नाही, असं असेल तर वर कुठेतरी पाण्याचा साठा आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर तो बहुधा गच्चीच्या कोब्यात, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घातलेल्या थरात. सांताक्रूझला मोसमात सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये. विटांच्या तुकड्यांचा कोबा एकदा पाणी प्यायला की ते महिनोन् महिने सोडत राहतो.

बारा महिने ओल, अगदी मे महिन्यातसुद्धा? मग पावसाला बदनाम करू नका. वरचं बाथरूम, मोरी, स्वयंपाकघराचं सिंक किंवा भिंतीत गाडलेला पाइप यांच्याकडे वळा. इथे आणखी एक भेद करता येतो. रात्री तीन वाजताही थेंब त्याच गतीने पडत असेल तर पाणी दाबाखालच्या पाइपातलं आहे. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनी चोवीस तास भरलेल्या असतात, त्यामुळे त्यांची गळती थांबत नाही. सकाळी सात ते दहा थेंबांचा जोर आणि दुपारी सामसूम, असं असेल तर सांडपाण्याची वाट किंवा लादीचे सांधे. वरचे लोक आठवडाभर गावी गेले आणि तुमचं छत सुकलं, तर फुकटात निदान झालं.

एक चौथा प्रकार उगाच गळतीत मोजला जातो. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे बुरशी येते, चामड्याच्या चपलांवर हिरवट थर बसतो, भिंत हाताला गार आणि दमट लागते. यात हवेतलं बाष्पच थंड भिंतीवर बसलेलं असू शकतं. खात्री करायची असेल तर डागावर हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर पाणी जमलं तर दोष हवेचा. भिंतीकडच्या बाजूवर जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. हवेचा दोष असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, घरात ओले कपडे वाळत घालणं कमी करा. यावर वॉटरप्रूफिंगचे पैसे घालवू नका.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

आमच्या विंगमध्ये एका घरी हॉलच्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायचं. वर दुसऱ्यांचा हॉल, तिथे पाण्याचा काही संबंधच नाही. थेंब फक्त सकाळी पडतात, हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. स्लॅबमधून जाणारा वायरिंगचा पाइप हॉल ओलांडून वरच्या बाथरूमच्या खालून जात होता. वरच्यांनी टाइल्स बदलताना फोडाफोडीत तो पाइप कुठेतरी चिरला असावा. बाथरूमचं मुरलेलं पाणी त्यात शिरायचं आणि स्लॅब जिथे सर्वात खाली दबलेला, तिथे म्हणजे बरोबर पंख्याशी बाहेर यायचं. छताला कितीही केमिकल चोपडलं असतं तरी ते थांबलं नसतं.

पंख्यातून, ट्यूबलाइटच्या पॉइंटातून किंवा स्विचबोर्डातून पाणी येत असेल तर सगळ्यात आधी त्या लाइनचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच) खाली पाडा. नंतर बादली ठेवा, नंतर फोन करा. क्रम हाच. आणि घरात आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, ओलीतून करंट उतरला तर तोच वाचवतो.

दुसरी फसवी जागा म्हणजे बीमची खालची कड. गच्चीतलं किंवा बाथरूममधलं पाणी स्लॅबवरून सरकत बीमपाशी येतं, बीमच्या बाजूने उतरतं आणि खालच्या धारेवरून टपकतं. शिवाय काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत ऊन-पावसात सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर आडवी भेग पडते. आतून बघितलं तर छतापासून फूट-दीड फुटावर सरळ रेषेत ओल दिसते. ही सरळ रेष दिसली की मला हायसं वाटतं, कारण हा आजार ओळखीचा आणि बरा होणारा आहे.

वरच्या बाथरूमची परीक्षा

‘वहिनी, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे येतंय’ असं म्हणत जिन्यात गाठलं की भांडणच होणार. आरोप आधी आणि पुरावा नंतर, असा तो मामला होतो. त्यापेक्षा असं बघा: ‘वहिनी, उद्या अकरानंतर बाथरूम लागणार नसेल तर एक टेस्ट करून बघूया का? खर्च काही नाही, मी येतो. तुमच्याकडचं नसेल तर निदान तेवढं तरी कळेल.’ याला सहसा नाही म्हणत नाहीत.

टेस्ट टप्प्याटप्प्याने करायची, सगळं एकदम ओतलं तर काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी लादी कोरडी ठेवून फक्त न्हाणी ट्रॅपच्या (लादीतून सांडपाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात बादल्या ओता. खाली थेंब वाढले तर दोष ट्रॅपच्या खालच्या जोडात किंवा सांडपाण्याच्या पाइपात. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी ट्रॅपचं तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिक कोंबून बंद करा, दारात छोटा बांध घाला आणि लादीवर दोन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवा. पातळीवर पेन्सिलीची खूण करा. दोन इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला पन्नास किलो होतं, स्लॅबला ते झेपतं, पण खालच्या छताचा गिलावा आधीच लोंबत असेल तर ही टेस्ट इंजिनियरला विचारूनच करा. तिसऱ्या दिवशी लादीवर पाणी साचू न देता शॉवर फक्त भिंतीवर मारा. कमोडच्या फ्लश टाकीची पाळी शेवटी. पाण्यात खाण्याचा रंग टाकला तर ओळख पटायला मदत होते. रंगपंचमीचा उरलेला रंग मात्र वापरू नका, टाइल्सच्या सांध्यांतून तो पुढची दोन वर्षं निघत नाही आणि वहिनी ते विसरत नाहीत.

आता न्हाणी ट्रॅपकडे जरा जवळून बघा, कारण मुंबईच्या जुन्या इमारतींत सर्वात जास्त पाणी इथूनच मुरतं. जाळी काढा आणि मोबाइलचा टॉर्च आत धरा. लादीची कड आणि ट्रॅपची कड यांच्यामध्ये दोन-तीन इंचांचा सिमेंटचा गोल गळा दिसेल. त्या गळ्यावरून आतल्या बाजूने बोट फिरवा. सिमेंट वाळूसारखं सुटून बोटाला लागलं किंवा नख जाईल एवढी खोबण सापडली, तर दर आंघोळीचं थोडं पाणी ट्रॅपमध्ये न पडता लादीच्या खाली जातंय. हा गळा पोखरला जातो तो बहुतेक वेळा आपल्याच हाताने. लादी चकचकीत करायला आठवड्याला ओतलं जाणारं ॲसिड मळाबरोबर सिमेंटही खातं, टाइल्समधले सांधेही खातं. ॲसिड आजपासून बंद करा. साधं डिटर्जंट आणि ब्रश पुरतं.

गळा तेवढाच खराब असेल तर दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. सुटलेलं सगळं खरवडून काढायचं, जागा पूर्ण कोरडी करायची, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने किंवा इपॉक्सीने गळा पुन्हा बांधायचा आणि सांगितलेले दिवस बाथरूम वापरायचं नाही. या शेवटच्या अटीवर सगळं अवलंबून आहे. संध्याकाळी कुणीतरी ‘जरा पाय धुतो’ म्हणून गेलं की काम फुकट.

लादीचे सांधे गेले असतील तर जुनं सिमेंट उकरून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरता येतं. ‘लादी न तोडता गळती बंद’ अशा जाहिराती येतात त्यांतल्या बऱ्याच याच कामाच्या असतात, आणि सांध्यांपुरता दोष असेल तर उपाय चालतोही. पण आपल्याकडच्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट भागात विटांचे तुकडे, रेती, डेब्रिज भरलेलं असतं. वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी त्या भरावात साचून असतं. वरून सांधे बंद केले तरी खाली कित्येक आठवडे ठिबकत राहतं आणि लोक म्हणतात, केमिकल फसलं. म्हणून सांधे भरल्यावर निकाल लगेच लावू नका, पेन्सिलीच्या रेघांवर लक्ष ठेवा. आणि भरावातला पाइपच फुटलेला असेल तर कुठलंही केमिकल कामाचं नाही, फोडावंच लागेल.

फोडायची वेळ आली तर अर्धवट फोडू नका. भराव पूर्ण काढून स्लॅब उघडा पडला पाहिजे. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी पाइप असतील तर ते याच वेळी बदला, नव्या टाइल्सखाली गंजका पाइप ठेवण्यात काय अर्थ? स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढायला सांगा, कारण काटकोनातच भेग पडते. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत चढला पाहिजे, आणि ट्रॅपच्या तोंडात वळला पाहिजे. मग टाइल्स लावण्याआधी पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. कंत्राटदार ‘साहेब, काही गरज नाही, मी जबाबदार’ म्हणेल. गरज आहे. टाइल्स बसल्यावर सापडलेली गळती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खर्च.

बाहेरची भिंत आणि आपणच पाडलेली भोकं

पाऊस झेलणारी बाहेरची भिंत बघायला दुर्बीण नसली तरी मोबाइलचा झूम चालतो. समोरच्या विंगच्या गच्चीवरून आपली भिंत बघा आणि फोटो काढा. शोधायच्या गोष्टी अशा: बीमलगतची आडवी भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, फुगलेला गिलावा, सांडपाण्याच्या पाइपामागे हिरवं शेवाळ, आणि पिंपळ. पाइपाच्या जोडाला पिंपळाचं रोप दिसलं की तिथे बारमाही पाणी आहे हे नक्की, नाहीतर ते मे महिन्यात जगलं कशावर? वरून छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने येतो. मुळासकट काढावा लागतो, त्यासाठी तेवढा गिलावा फोडून पुन्हा करायची तयारी ठेवा.

केसाएवढ्या भेगांवर बाहेरून लवचीक रबरासारखं कोटिंग चालतं. नखाला जाणवणारी भेग मात्र आधी इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडून, साफ करून, पॉलिमर मॉर्टरने भरावी लागते. बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी बसवून गिलावा केला नाही तर भेग दोन पावसांत परत येते. बाहेरून दोरीच्या झुल्यावर बसून काम करणारा माणूस भेगेवर नुसता ब्रश फिरवून खाली उतरला तर त्याला परत वर पाठवा. खालून फरक दिसत नाही, म्हणून कामाआधीचे आणि कामानंतरचे जवळून काढलेले फोटो मागायची अट कंत्राटातच लिहा.

खिडकी हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. पावसाचं पाणी खाचेत पडणारच, ते बाहेर जायला ही वाट ठेवलेली असते. वर्षभराची धूळ, कबुतरांची पिसं आणि मेलेल्या माश्या यांनी ती बुजतात, मग खाच भरते आणि पाणी आतल्या काठावरून सोफ्यामागे उतरतं. मे महिन्यात जुना टूथब्रश आणि एक तार घेऊन बसा, भोकं मोकळी करा, मग मगभर पाणी खाचेत ओतून ते बाहेर जातंय का पाहा. कित्येक घरांची ‘भिंतीची गळती’ एवढ्यावर संपते. चौकट आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन कडक होऊन सुटलं असेल तर जुनं पूर्ण काढून नवं भरा. जुन्यावर नवं धरत नाही. खिडकीखालच्या दगडाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, तेही एक गोटी ठेवून कळतं.

छज्जावर आपण काय काय ठोकतो त्याचा हिशेब करा. बॉक्स ग्रिलचे बोल्ट, एसीच्या आउटडोअर युनिटचं स्टँड, कुंड्यांची जाळी, टीव्हीच्या डिशची छत्री. प्रत्येक बोल्टचं भोक म्हणजे पाण्याला दार. छज्जावर कुंड्या ठेवल्या की पानं आणि माती साचून पाण्याची वाट अडते आणि भिंतीच्या मुळाशी तळं होतं. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, एक बारीक खाच असायला हवी. पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडतं. गिलावा करताना ही खाच बुजवली गेली तर पाणी छज्जाच्या पोटाला धरून सरळ भिंतीत येतं. एसीचा पाइप ज्या भोकातून बाहेर जातो ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, आणि त्याच्याभोवती नुसती पुट्टी चालत नाही.

खास आपल्याकडचा एक प्रकार म्हणजे फ्लॉवर बेड. बिल्डरने खिडकीबाहेर झाडांसाठी म्हणून दिलेली ती पट्टी आपण भिंत तोडून बेडरूममध्ये घेतो. तिचा स्लॅब बाहेर लोंबता, पातळ आणि पाणी सोसायला केलेला. वरच्यांनी घेतलेली नसेल तर त्यांच्या कुंड्यांचं पाणी तुमच्या नव्या छतावर मुरतं, आणि जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यावर भेग ठरलेली. शिवाय हा बदल मंजूर नकाशात नसेल तर दुरुस्तीच्या वेळी सोसायटी हात वर करते, ते वेगळंच.

गच्ची

गच्चीच्या बाबतीत लोक वर्षानुवर्षं एकच चूक करतात: गळलं की वर आणखी एक कोबा. चार इंच जाडीचा कोबा दर चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो वजन टाकतो. चाळीस वर्षांच्या, सळया गंजलेल्या स्लॅबवर असे दोन-तीन थर चढलेले मी पाहिले आहेत. जुना थर काढायची तयारी नसेल तर नवा जड थर नको, हलकं कोटिंग किंवा मेम्ब्रेन (पाणी अडवणारी पातळ चादर) घ्या.

त्याआधी फुकटातल्या गोष्टी. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने गच्चीवर जा आणि जिथे पाणी साचलंय त्याभोवती खडूने गोल काढा. शंभराला एक एवढा तरी उतार पावसाच्या पाइपाकडे हवा. पाइपाच्या तोंडाची जाळी बघा, तिथे दुधाची पिशवी अडकलेली असते. कठड्याच्या मुळाशी वाटा सुटलाय का, सोलरच्या स्टँडचे पाय कोब्यात ठोकलेत का, टाकी रोज ओव्हरफ्लो होते का, हे बघा. टाकीचा फ्लोट बिघडलेला आणि खालच्या फ्लॅटमध्ये ‘गच्चीची गळती’, असंही असतं.

पावसाळ्यापुरती ताडपत्री किंवा पत्र्याची शेड घालायची असेल तर आधी वॉर्ड ऑफिसात परवानगीचं बघा.

छताचा गिलावा पडत असेल तर

इथे मामला रंगाचा राहत नाही. छताला लाकडी दांडक्याने हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ बदबद आवाज आला तर गिलावा किंवा काँक्रीट सुटलंय. तांबूस रेषा दिसत असतील तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. समुद्राची खारी हवा या कामात भर घालते. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग लावून हे झाकणं धोक्याचं आहे, आत काय चाललंय ते कळतच नाही. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरायचं, आणि हे मिस्त्रीच्या अंदाजावर नव्हे तर स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सांगण्यावर. इमारतीला तीस वर्षं उलटली असतील तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे स्ट्रक्चरल तपासणी करून घेणं तसंही बंधनकारक आहे. त्या अहवालात आपलं छत आलंय का, एवढं सेक्रेटरींना विचारा.

खर्च कुणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, हे लिहिलेलं आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि सांडपाण्याच्या लाइनीची गळती, गच्चीमुळे सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान, ही दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमधली गळती त्या सदस्याच्या खर्चाने. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी वरचे-खालचे निम्मे-निम्मे वाटून घेतात. ऐकायला तो अन्याय वाटतो, पण दोन वर्षं पत्रापत्री करण्यापेक्षा ते कधीकधी स्वस्त पडतं.

अर्ज तोंडी नको. फोटो, पेन्सिलीच्या तारखा आणि टेस्टचा निकाल जोडून सेक्रेटरींच्या नावे लेखी द्या आणि पोच घ्या. वरचा सदस्य दारच उघडत नसेल आणि सोसायटीही हलत नसेल, तर वॉर्ड ऑफिसात गळतीची तक्रार करता येते, पालिका नोटीस काढू शकते. घर नवीन असेल तर आधी ताब्याची तारीख बघा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करायचा असतो. चौथ्या पावसाळ्यात ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून थांबू नका.

काम कधी, आणि घर बंद करून जाताना

शोध पावसात, काम कोरड्या दिवसांत. जुलै-ऑगस्टमध्ये गळतीचे फोटो आणि नोंदी पक्क्या करा, सप्टेंबरात अंदाजपत्रकं मागवा आणि बाहेरच्या भिंतीचं काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उरका. मे महिन्यात सगळ्या सोसायट्या एकदम जाग्या होतात, परांची बांधायला माणसं मिळत नाहीत, आणि घाईत ओल्या गिलाव्यावर रंग लागतो. दहा वर्षांची गॅरंटी म्हणून कागद मिळाला तर नीट वाचा: कुठल्या भिंतीची, कुठल्या कामाची, आणि पुन्हा गळलं तर फोडून दुरुस्त करणार की नुसतं ‘मटेरियल बदलून देणार’? आत रंग लावायचा तो भिंत पूर्ण सुकल्यावर. प्लास्टिकच्या तुकड्याची तीच टेस्ट पुन्हा करा.

राहता राहिलं अचानक येणारं पाणी. पाणी गेलं म्हणून नळ उघडून बघितला, तो तसाच राहिला, आणि घर बंद करून सगळे गणपतीला गावी गेले, हे दर वर्षी कुठे ना कुठे होतं. बेसिनखालचा प्लास्टिकचा कनेक्शन पाइप, वॉशिंग मशीनचा नळी-जोड, प्युरिफायरची पातळ नळी, हेही नेमके बंद घरातच दगा देतात. प्लास्टिकचे पाइप काढून स्टीलच्या जाळीचे लावा. निघताना मेन वॉल्व्ह बंद करा. किल्ली आणि वॉल्व्हची जागा शेजाऱ्यांना दाखवून ठेवा. वर्षानुवर्षं न फिरवलेला वॉल्व्ह ऐन वेळी जाम असतो, म्हणून या रविवारी एकदा फिरवून बघा. फिरत नसेल तर जोर लावू नका, जुना दांडा तुटून हातात येतो. टाकी धुवायला रिकामी होईल त्या दिवशी प्लंबरकडून बदलून घ्या.